आश्रमातल्या लेकरांना भेटायला जाताय? आधी फोन करा, मगच गाडी सांगा

वाढदिवस, वर्षश्राद्ध, दिवाळीच्या निमित्तानं बालगृह, आश्रमशाळा, वसतिगृहात जाणाऱ्यांसाठी : काय विचारावं, काय न्यावं, काय टाळावं आणि फोटो का काढू नये

तालुका प्रतिनिधी

मागच्या आठवड्यात आमच्या भावकीतले एक अण्णा शेतात आले. मी सोयाबीनच्या कडेला गवत काढत होतो. बांधावर बसून म्हणाले, "यंदा वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचं नाही असं ठरवलंय. तेवढ्याच पैशात आश्रमातल्या लेकरांना गोडधोड खाऊ घालू. रविवारी सकाळी दोन गाड्या निघतील. तू पत्रकार आहेस, चार फोटो काढ अन् बातमी लाव."

मी विचारलं, "अण्णा, तिथं फोन केला का?"

"फोन कशाला? जेवण घेऊनच चाललोय की. नाही कोण म्हणतंय?"

विचार चांगला होता. गावजेवणात दोनशे पत्रावळ्या उठवण्यापेक्षा गरजू पोरांच्या तोंडी घास जावा, असं वाटणारी माणसं आता गावोगाव वाढलीत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण "नाही कोण म्हणतंय" इथंच आपलं चुकतं. मी ही चूक स्वतः केलेली आहे. म्हणून आज हे सविस्तर लिहितोय.

माझ्या हातून काय झालं

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. कार्यकर्ते एका मुलींच्या बालगृहात वह्या वाटायला गेले. बातमीसाठी मला बोलावलं. मुलींना ओळीनं उभं केलं, मागं बॅनर धरला, बॅनरवर पुढाऱ्याचं नाव आणि खाली संस्थेचं नाव. मी फोटो काढला आणि संध्याकाळी बातमी पाठवून दिली. रात्रीपर्यंत तो फोटो चार तालुक्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला.

त्या ओळीत सोळा वर्षांची एक मुलगी होती. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं. कुणीतरी १०९८ वर फोन केला, लग्न थांबलं आणि बालकल्याण समितीनं तिला त्या संस्थेत ठेवलं होतं. ती कुठं आहे हे नवऱ्याकडच्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या फोटोनं ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी फाटकासमोर जीप उभी राहिली. पोलीस बोलवावे लागले. मुलीला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. दहावीच्या परीक्षेला तेव्हा दीड महिना राहिला होता.

माझ्यावर कुणी केस केली नाही. संस्थेच्या बाईंनी फक्त फोन केला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मनात वाईट नव्हतं हे कळतंय. पण काढायच्या आधी एकदा विचारलं असतं, तर बरं झालं असतं."

तेव्हापासून मी अशा ठिकाणी मोबाईल खिशातून काढत नाही.

आधी समजून घ्या : तिथं कोण राहतं?

आपण सगळ्याला एकच शब्द वापरतो, "अनाथाश्रम". पण बहुतेक ठिकाणी राहणारी सगळी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई आहे पण सांभाळायची ताकद नाही. कुणाचे आई-बाप ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतात. कुणाच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिलेला असतो. कुणाला घरातल्याच माणसापासून वाचवून आणलेलं असतं. "अनाथ" म्हणून हाक मारली, की ज्याची आई जिवंत आहे त्या लेकराच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार करा.

साधारणपणे आपल्याकडं या प्रकारच्या संस्था असतात :

• बालगृह : बाल न्याय कायदा २०१५ खाली चालतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली १८ वर्षांखालची मुलं इथं बालकल्याण समितीच्या आदेशानं राहतात. महिला व बालविकास विभागाचं यावर लक्ष असतं.

• आश्रमशाळा : आदिवासी किंवा विमुक्त-भटक्या समाजातल्या मुलांसाठी निवासी शाळा. ही रीतसर शाळा असते, मुख्याध्यापक आणि अधीक्षक असतात. इथली मुलं सुट्टीत घरी जातात.

• वसतिगृह : शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या मुलांचं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची वसतिगृहंही यातच आली.

• एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या संस्था : लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावचं सेवालय यासाठी ओळखलं जातं.

• निरीक्षणगृह : कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं इथं ठेवतात. हे भेट देण्याचं ठिकाण नाही. जेवण घालायला म्हणून इथं जाऊच नका.

कुठली संस्था आहे त्यावर परवानगी कुणाची, नियम कोणते हे ठरतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की तुमची संस्था कुठल्या विभागाखाली आहे?

ही दयेची गोष्ट नाही

आपल्या महाराष्ट्रात पोरांना एकत्र ठेवून शिकवण्याची परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातीधर्माच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पण तिथली मुलं भीक घेऊन शिकली नाहीत. स्वतः राबली, स्वतः रांधलं आणि शिकली. आज आपल्या कित्येक गावांतले जुने मास्तर, ग्रामसेवक, तलाठी याच वसतिगृहांतून बाहेर पडलेले आहेत.

पुढं बाबा आमट्यांचं आनंदवन झालं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी १९७३ पासून हेमलकशात काम उभं केलं, तिथल्या आश्रमशाळेत माडिया मुलं शिकली. नगरला स्नेहालय, बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं शांतिवन, गेवराईचं सहारा बालग्राम अशी कामं आपल्या जवळपासच उभी राहिली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. तिथल्या मुलांना "बिचारे" म्हणून वाढवत नाहीत. आपणही तसं म्हणू नये.

एक साधं उदाहरण सांगतो. समजा, दर रविवारी तुमच्या घरी दोन गाड्या भरून अनोळखी माणसं आली. तुमच्या पोरांना ओळीत उभं केलं, गाणं म्हणायला लावलं, हातात बिस्किटाचा पुडा देऊन फोटो काढला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरेरे, किती गोड लेकरं!" तुम्हाला चालेल का? संस्था हे त्या मुलांचं घर आहे. तिथं पाहुण्यासारखं जायचं.

जायच्या आधी : पंधरा दिवस अगोदर फोन

अण्णांना मी तेच सांगितलं. शेताच्या बांधावरूनच आम्ही संस्थेला फोन लावला. काय काय विचारायचं ते खाली देतो :

१. भेटीला परवानगी आहे का, आणि ती कुणाची लागते? काही बालगृहांत बाहेरच्या माणसाला आत सोडायला वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. ते "नाही" म्हणाले तर राग धरायचा नाही. "नाही" म्हणणारी संस्था मुलांची काळजी घेते असं समजायचं.

२. कोणता दिवस सोयीचा? सगळी गर्दी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला होते. त्या दिवशी पोरांना तीन वेळा जिलेबी मिळते आणि जून-जुलैत वह्या-दप्तराची खरी गरज असताना कुणी फिरकत नाही.

३. किती माणसं आणावीत? पाच-सहा पुरे. दोन गाड्या भरून नेऊ नका.

४. वेळ कोणती? शाळेची, अभ्यासाची, झोपेची वेळ सोडून. परीक्षेच्या दिवसांत जाऊच नका. पाहुणे उशिरा आले म्हणून पोरं दोन-दोन तास उपाशी ताटकळलेली मी पाहिलीत. दिलेली वेळ पाळा.

५. ओळखपत्र लागेल का? लागतंच. आधार कार्ड जवळ ठेवा, फाटकावर वहीत नाव-नंबर लिहा. "आम्हाला ओळखत नाही का?" असं म्हणू नका.

६. सगळ्यात महत्त्वाचं : तुम्हाला आत्ता काय हवंय? हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायचं.

आणि एक. तुम्ही देणगी देणार असाल तर संस्थेची नोंदणी आहे का हे विचारण्यात काही गैर नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी करावी लागते. अशी संस्था विनानोंदणी चालवणं हा गुन्हा आहे. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट त्या भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवतात. पैसे दिले तर पावती घ्या.

काय न्यावं? आधी हिशोब बघा

फोनवर अधीक्षक बाईंनी अण्णांना जे सांगितलं, ते ऐकून अण्णा गप्प झाले. बाई म्हणाल्या, "काका, त्या रविवारी दुपारचं जेवण एकांनी आधीच सांगितलंय. गोड तर या महिन्यात चार वेळा झालं. आमच्याकडं ज्वारी संपत आलीय."

आता आपण शेतकरी माणसं, हिशोब आपल्याला कळतो. साठ मुलं धरा. एकाला एका वेळी दोन भाकरी, दोन्ही वेळच्या मिळून चार. म्हणजे दिवसाला २४० भाकरी. एका भाकरीला ऐंशी ते शंभर ग्रॅम पीठ जातं. म्हणजे दिवसाला वीस ते चोवीस किलो. एक क्विंटल ज्वारी चार-पाच दिवसांत संपते. वर्षाचे दिवस ३६५. आपण एका दिवसाच्या जिलेबीवर जे घालवतो, त्यात किती ज्वारी येते ते ज्यानं त्यानं आपल्या बाजारभावानं काढावं.

संस्थांकडून नेहमी ऐकलेल्या गरजा अशा :

• ज्वारी, गहू, तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे. चाळलेलं, निवडलेलं. घरात कुणी खात नाही ते किडकं धान्य देऊ नका.
• भाजीपाला. टोमॅटोला भाव नाही म्हणून रस्त्यावर ओतण्यापेक्षा दोन क्रेट संस्थेत द्या, पण आधी विचारून. चाळीस क्रेट एकदम नेले तर तेच सडतात.
• नवे अंतर्वस्त्र, टॉवेल, चपला. मापं विचारून.
• मुलींसाठी सॅनिटरी पॅड. याबद्दल लाजायचं नाही. घरातल्या बाईनं बाईंशी बोलून घ्यावं.
• अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट.
• दहावी-बारावीची पुस्तकं, परीक्षा फी, प्रवासखर्च.
• एखादं काम : पाण्याची मोटार दुरुस्त करणं, पत्रा बसवणं, ट्रॅक्टरनं मैदान सपाट करणं.

जुने कपडे न्यायचेत तर एकच कसोटी लावा. तो कपडा तुम्ही तुमच्या पाहुण्याच्या लेकराला द्याल का? द्याल, तर न्या. चेन तुटलेली पँट, काखेत फाटलेला सदरा देणं म्हणजे स्वतःचं कपाट रिकामं करणं.

शिजवलेलं जेवण नेणार असाल तर जास्त काळजी घ्या. पहाटे केलेली बासुंदी, खवा, पनीर डब्यात भरून दुपारी दोनला वाढलं, तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते नासतं. साठ लेकरांना एकदम जुलाब-उलट्या झाल्या तर जबाबदारी कुणाची? शिधा नेऊन द्यावा, तिथल्याच स्वयंपाकघरात त्यांच्या मावशींनी शिजवावा, हे सगळ्यात बरं. काही मुलांना शेंगदाणा, अंडं सोसत नाही, काहींची औषधं चालू असतात. त्यांच्या मावशींना ते ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

फोटो : इथं कायदा आहे

हा भाग नीट वाचा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं, अत्याचार झालेल्या मुलाचं किंवा कायद्याच्या कचाट्यातल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा त्याची ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करायला बंदी आहे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त पेपरवाल्यांना नाही. कायद्यात वर्तमानपत्राबरोबर दृक्‌श्राव्य माध्यम आणि संवादाचे इतर प्रकारही धरलेत. त्यामुळं "मी तर नुसतं स्टेटस ठेवलं", "मी फॉरवर्ड केलं" असं म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यांच्या संमतीशिवाय त्यांची ही माहिती उघड करता येत नाही. म्हणजे अशा संस्थेतल्या मुलाचा संस्थेच्या नावासकट फोटो टाकला, की तुम्ही न बोलता सगळं जगाला सांगितलं. तोच मुलगा उद्या कॉलेजला जाईल, कामाला लागेल, लग्न करेल. तो फोटो तेव्हाही मोबाईलमध्ये फिरत असेल.

कुणी म्हणेल, चेहऱ्यावर पट्टी टाकू. पण गावाकडं माणूस चेहऱ्यावरूनच ओळखतात असं थोडंच आहे? सदऱ्यावरून, उभं राहण्यावरून, शेजारच्या पोरावरून ओळखतात. मागं संस्थेची पाटी असली की झालंच.

मग आठवण म्हणून काय ठेवायचं? धान्याच्या पोत्यांचा फोटो काढा. तुम्ही झाड लावलं असेल तर झाडाचा काढा. संस्थेनं दिलेल्या पावतीचा काढा. मुलं त्यात नकोत.

तिथं गेल्यावर : बोलायचं कसं?

हे प्रश्न विचारू नका :
• तुझे आई-बाप कुठंयत?
• तू इथं कसा आलास?
• घरची आठवण येते का रे?
• तुझी जात कोणती? गाव कोणतं? आडनाव काय?

लेकराला हा प्रश्न दर आठवड्याला नवा माणूस विचारतो. दर वेळी त्यानं तीच जखम उघडून दाखवायची का? काही पोरं मग पाठ केलेलं उत्तर देतात, काही खोटं सांगतात, काही रात्री जेवत नाहीत. पाहुणे गाडीत बसून निघून जातात, पुढचं सगळं तिथल्या मावशींना निस्तरावं लागतं.

त्यापेक्षा हे विचारा :
• कबड्डीत चढाई करतोस की पकड?
• गणित अवघड जातं की इंग्रजी?
• इथल्या झाडांना पाणी कोण घालतं?
• तुमच्याकडं सगळ्यात भारी भाकरी कोण थापतं?

आणि त्याला बोलायचंच नसेल तर सोडून द्या. न बोलणं हाही त्याचा हक्क आहे.

बाकी नियम सरळ आहेत. लहान लेकराला उचलून मांडीवर घेऊ नका, गालाला हात लावू नका. त्यानं हात पुढं केला तर हात मिळवा. कुठल्याही मुलाबरोबर एकट्यानं खोलीत किंवा आडोशाला जाऊ नका. खोल्यांत, न्हाणीघराकडं डोकावू नका. एकट्या मुलाच्या हातात पैसे किंवा वेगळी भेट देऊ नका, बाकीच्यांचं मन मोडतं. मोबाईल नंबर देऊ-घेऊ नका. तंबाखू, गुटखा, दारू पिऊन आलेला माणूस, डीजे यातलं काहीही फाटकाच्या आत नको. वर्गातल्या पोरांना उठवून प्रार्थना-स्वागतगीत म्हणायला लावू नका. भाषण करायचंच असेल तर दोन मिनिटांत आटपा, आणि "तुम्हाला कुणी नाही, आम्ही आहोत" असलं वाक्य अजिबात नको.

खोटा शब्द देऊ नका. "पुढच्या महिन्यात येतो हं, तुला सायकल आणतो." आपण विसरतो. ते पोरगं फाटकाकडं बघत बसतं. यायचं नक्की नसेल तर नुसतं "भेटून बरं वाटलं" म्हणा.

स्वतःच्या मुलांना नेणार असाल तर घरीच समजावून न्या. तिथं उभं राहून "बघ, यांच्याकडं काहीच नाही, तू किती नशीबवान" असं सांगू नका. ते वाक्य तुमच्या मुलाच्या आधी त्या मुलांना ऐकू जातं. त्यापेक्षा दोघांना मिळून क्रिकेट खेळू द्या.

भेट झाल्यावर खरं काम सुरू होतं

एका दिवसाच्या जेवणापेक्षा वर्षभराची साथ मोठी. आपल्यासारख्यांना जमतील अशा गोष्टी :

• सुगीला दर वर्षी ठरलेलं धान्य. चार शेतकऱ्यांनी मिळून ठरवलं तर कुणावर ओझं पडत नाही.
• हातातलं कौशल्य शिकवणं. कलम बांधणं, ठिबक जोडणं, मोटार वायंडिंग, शिलाई. संस्थेला विचारून, त्यांच्या माणसासमोर.
• १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना काम, भाड्याची खोली, एखादा जामीनदार. बालगृहातून बाहेर पडलेल्या पोराला खरी अडचण तिथं येते. खोली भाड्यानं देताना "आई-वडिलांना घेऊन ये" म्हणणारे आपणच असतो.

मूल दत्तक घ्यायची इच्छा असेल तर भेटीच्या वेळी लेकरू पसंत करायला जाऊ नका. दत्तक फक्त कायदेशीर मार्गानं, केंद्र सरकारच्या कारा या संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करूनच होतं. परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे.

आपल्या गावातच एखाद्या लेकराचे वडील गेले असतील, आई एकटी असेल, तर त्याला थेट संस्थेत टाकायची घाई करू नका. राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात पात्र मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल घरीच राहतं आणि शिकतं. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. आईजवळ राहणारं लेकरू आईजवळच राहावं, ही सगळ्यात मोठी मदत.

आणि भेटीत काही खटकलं तर? मारल्याचे वळ दिसले, मुलं घाबरलेली दिसली, जेवण खराब दिसलं, तर तिथं भांडण करू नका, व्हिडिओ काढून टाकू नका. बाहेर येऊन १०९८ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो. बालकल्याण समितीकडंही तक्रार करता येते. बालविवाहाची खबर लागली तरी हाच नंबर, आणि गावचे ग्रामसेवकही बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात हे लक्षात ठेवा.

अण्णांचं पुढं काय झालं

अण्णा आधी नाराज होते. "फोटो नाही, बॅनर नाही, मग वडिलांचं नाव कुठं लागायचं?" असं दोन दिवस म्हणत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "म्हातारा आयुष्यभर कुणाला न सांगता द्यायचा. आपण कशाला बॅनर लावायचा?"

बाईंनी सांगितलेल्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही पाच जण गेलो. सोबत तीन क्विंटल ज्वारी, चाळीस किलो तूरडाळ आणि वहिनींनी बाईंना विचारून घेतलेलं मुलींचं सामान. मोबाईल गाडीत ठेवले. फाटकावर वहीत सह्या केल्या. पोती उतरवायला मोठी पोरं आपणहून आली. त्यातल्या एकानं ज्वारी मुठीत घेऊन विचारलं, "काका, ही मालदांडी आहे ना?" अण्णांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मग अर्धा तास दोघं पेरणी, हुरडा आणि पाखरं राखण्याविषयी बोलत बसले. त्या पोराला शेतीतलं एवढं कसं कळतं, हे अण्णांनी विचारलं नाही. मी बघत होतो. विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण गिळलं.

निघताना बाई म्हणाल्या, "असे पाहुणे येत जा."

गाडीत अण्णा म्हणाले, "सुगी झाली की परत फोन करू. आधी फोन, मग गाडी."

ती दहावीची मुलगी आज कुठं आहे, हे मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेलंही नाही. तिचा पत्ता माझ्यासारख्याला ठाऊक नसणं यातच तिची सुरक्षा आहे. एवढंच वाटतं, की तिनं पेपर दिले असतील.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पंधरा दिवस आधी फोन, परवानगी आणि वेळ ठरवून घ्या.
• "काय हवंय?" हे विचारूनच वस्तू घ्या.
• पाच-सहा माणसं, ओळखपत्रासह.
• मुलांचा फोटो, व्हिडिओ, स्टेटस काहीही नको. बाल न्याय कायदा कलम ७४.
• घरचं, जातीचं, भूतकाळाचं विचारू नका.
• खोटा शब्द देऊ नका.
• काही खटकलं तर १०९८.

ही बातमी गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा. कुणाच्या घरी वाढदिवस, वर्षश्राद्ध जवळ आलं असेल तर त्यांना आधी वाचायला द्या.